ठसा आणि टिपरू

प्रणोती कांबळेनं त्या दिवशी सकाळपासून एकोणचाळीस गायकांना मेसेज पाठवले होते, आणि एकोणचाळीसपैकी एकानंही तो उघडून पाहिला नव्हता. मेसेज तसा सभ्य होता. ‘नमस्कार दादा, तुमचं नवं गाणं ऐकलं. सोबत एक बीट पाठवतेय. आवडली तर सांगा.’ गायिका असेल तर दादाच्या जागी ताई. कोल्हापूरकडच्या मुली बोलताना ‘मी येतो, मी जातो’ असंच म्हणतात आणि प्रणोतीही तशीच बोलायची, पण मेसेजात ती आठवणीनं ‘पाठवतेय’ लिहायची. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं उगाच दचकायला नकोत.

पेठ वडगावात एका जुन्या केबलवाल्याच्या ऑफिसात, वरच्या मजल्यावर, तिचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक कॉम्प्युटर, दोन माईक, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या गाद्या आणि खिळ्याला टांगलेली मामाची हलगी. इथं बीट तयार व्हायच्या. बीट म्हणजे गाण्याखालचा तयार ठेका. गायकानं तो घ्यायचा आणि वर आपले शब्द बसवायचे. २०३४ साली गायक उदंड झाले होते, आणि बीट बनवणारे त्याहून उदंड. सगळा बाजार इनबॉक्सात भरायचा, आणि त्या बाजारात प्रणोतीच्या पाटीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं.

“मामा, धूर आत यायलाय,” ती ओरडली.

“येऊ दे की,” गच्चीवरून आवाज आला. “थंड हलगी वाजवली तर डालड्याचा डबा वाजवल्यागत वाटतंय. तू तुझं बटन दाबत बस.”

यशवंत आवळे हा तिचा सख्खा मामा. पहाटे दूध संकलन केंद्रावर लिटर मोजायचा, आणि हंगामात कुस्तीच्या मैदानात घुमकं नावाचा ढोलका आणि कैताळाची झांज यांच्या जोडीला हलगी वाजवायचा. हलगीचं कातडं जाळावर शेकल्याशिवाय त्यानं आयुष्यात कधी तिच्यावर वाजवायचं टिपरू ठेवलं नव्हतं, मग मैदान असो नाहीतर भाचीचा स्टुडिओ. त्यासाठी तो घरोघरची पुठ्ठ्याची खोकी गोळा करून गच्चीवर रचून ठेवायचा. शेजारच्या शिंप्यानं एकदा अग्निशमन दलाला फोनही केला होता. ते लोक आले, हलगी ऐकून गेले.

प्रणोतीला हलगीचा नाद मामामुळेच लागला होता. सातवीत असताना त्यानं तिला एक लहान हलगी करून दिली होती. पण पोरीचा हात हलगीपेक्षा कॉम्प्युटरवर जास्त वळला. मामानं वाईट वाटून घेतलं नाही. “मी वाजवतो, तू ईक,” म्हणाला. अशी त्या दोघांची कंपनी उभी राहिली होती, आणि चार वर्षं ती नुसती उभीच होती.

ठसा आला तो अशा बेताला.

झालं होतं असं, की एका प्रयोगशाळेतल्या मंडळींनी काही हजार माणसांना एक बालवाडीतलं काम दिलं: टिकटिक ऐका आणि तिच्याबरोबर टाळी वाजवा. टाळी कुणाचीच टिकटिकीवर बरोबर पडेना. एका सेकंदाचे हजार भाग केले, तर कुणाची टाळी वीस भाग आधी पडायची, कुणाची पंधरा भाग उशिरा, कुणाची दोनदा आधी आणि तिसऱ्यांदा उशिरा. गंमत अशी की ज्या माणसाची चूक जशी, तशीच ती कायम राहायची. त्याच्या चालण्यात तीच, बोलण्यात तीच, कांदा चिरण्यात आणि फोनवर बोटं मारण्यातही तीच. बोटाचा ठसा जसा ज्याचा त्याचा, तसा हा लयीचा ठसा ज्याचा त्याचा निघाला.

पुढचं त्याहून कामाचं होतं. आपण गाणं ऐकतो तेव्हा मेंदू गप्प बसत नाही. पुढचा ठोका कधी पडेल याचा तो सतत अंदाज बांधत असतो, आणि तो अंदाज स्वतःच्या शरीराच्या सवयीनं बांधतो. ठोका नेमका त्या अंदाजावर पडला की मेंदूला बरं वाटतं. मग बीटमधले ठोके ऐकणाऱ्याच्या ठशाप्रमाणे त्या हजाराव्या भागांनी मागंपुढं सरकवले तर? ऐकणाऱ्याला काही बदललंय हे कळत नाही. त्याला एवढंच वाटतं, की हा ठेका माझ्यासाठीच जन्माला आलाय.

हे करणारं ‘ठसा’ नावाचं साधन बाजारात आलं आणि प्रणोतीनं पहिल्याच आठवड्यात ते उतरवून घेतलं. गिऱ्हाइकाचा चाळीस सेकंदांचा चालता-बोलता व्हिडिओ दिला की काम भागायचं. माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात एक सूचनाही होती, की सदैव स्वतःच्याच ठशातलं ऐकल्यास कालांतराने रुची मंदावू शकते. तळाची बारीक अक्षरं वाचायला कुणाला सवड असते?

तिनं जालन्याच्या एका पोवाडे गाणाऱ्या मुलीचा व्हिडिओ घेतला, तिच्या ठशात बीट कापली आणि पाठवून दिली. तीन मिनिटांत उत्तर. ‘ताई, हे तुम्ही माझ्या मनातून कसं काय काढलंत?’

प्रणोतीनं फोन मामाच्या नाकापुढे धरला आणि ठसा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मामा ऐकत राहिला, मग मिशीत हसला.

“एवढंच व्हय? हे तर मी पस्तीस वर्सं करालोय.”

“तुमी काय करताय, मामा?”

“पैलवान मैदानात शिरला की मी त्याच्या तोंडाकडं बघत न्हाई, पायाकडं बघतो. कोण टाचंवर चालतोय, कोण चवड्यावर. त्याच्या पावलावर हलगी धरली की गडी फुलतोय बघ. तुझ्या मशीनला म्हणावं, यशवंत आवळे तुझा गुरू हाय.”

त्या दिवशी दोघांनी मिसळ मागवली आणि मामानं आपल्या हाताचे अकराशे ठोके एकेक करून तिला वाजवून दिले. बोटाची टिचकी, टिपरूचा दणका, बारीक काडीची तडतड, सगळं. आता या ठोक्यांतून कुणाच्याही ठशाची बीट बसवता येणार होती.

त्यानंतरच्या चार महिन्यांत प्रणोतीनं सहाशे बीट विकल्या. इनबॉक्स भरून वाहू लागला. बार्शीच्या कीर्तनकारापासून दुबईतल्या मालवणी गायकापर्यंत सगळ्यांचा सूर एकच: ‘हे माझंच आहे.’ तिनं नवा माईक घेतला, गाद्यांना अभ्रे शिवले. शेजारचा शिंपीही आता धुराबद्दल बोलेना. ठसा नुसत्या ऐकणाऱ्यांच्या फोनमध्येही शिरला, आणि तिच्या बीटवरची गाणी ज्याच्या त्याच्या ठशात वाजू लागली.

नाही म्हणायला एक-दोन गोष्टी खटकल्या. साताऱ्याचे दोघं भाऊ बारा वर्षं जोडीनं गात होते. दोघांनी आपापल्या ठशाच्या बीट घेतल्या, महिनाभर घरी त्यावर गळा साफ केला, आणि मग एकत्र गायला बसले तर एकाला दुसरा बेताल वाटू लागला. ‘ताई, चूक नक्की कुणाची?’ असा दोघांनी वेगवेगळा मेसेज केला. प्रणोतीनं दोघांनाही ‘माईकची जागा बदलून बघा’ असं कळवलं आणि विषय मिटवला.

मग मे महिन्यात हातकणंगल्याला एक लग्न झालं. मामाला वरातीचं आवतण होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्टुडिओत येऊन हलगी खिळ्याला अडकवली, पण पुठ्ठ्याची खोकी आणली नव्हती. प्रणोतीला तेव्हाच काहीतरी बिनसल्याचा वास यायला हवा होता.

“वरात कशी झाली, मामा?”

“झ्याक. दोनशे माणसं नाचत होती. समद्यांच्या कानात ती इवलीइवली बोंडं. ज्याचा त्याचा ठसा, ज्याची त्याची बीट. एकाचा पाय वर तर दुसऱ्याचा खाली. नवरा एका तालात, नवरी दुसऱ्या.”

“आन् तुमी?”

“मी हलगी तापवून उभा. नवऱ्याचा चुलता आला आन् म्हणाला, मामा, तुमी वाजवू नका, कानात गडबड हुतीया. नुसतं हुबं ऱ्हावा, फोटोला बरं दिसतंय.”

प्रणोतीला हसू आलं होतं, ते तिनं मामाचं तोंड बघून गिळलं.

“एका पोरानं त्याचं बोंड माझ्या कानात घातलं,” मामा म्हणाला. “ऐकतो तर काय, मीच. माझंच टिपरू, माझीच काडी. पण ठेका माझा न्हाई. माझा हात कुणीतरी मनगटापासून काढून त्या पोराला लावलाय, असं वाटलं मला, पनू.”

“मामा, बीट सगळ्यांना आवडत्यात. सहाशे जणांना आवडल्यात.”

“आवडणारच की. आरसा कुणाला आवडत न्हाई? पैलवानाच्या पावलावर हलगी धरायची ती सलामीपुरती. पुढं?”

“पुढं काय?”

मामानं खिळ्यावरची हलगी काढली, काखेला अडकवली आणि जिना उतरून गेला. भांडण झालं असतं तर बरं, असं प्रणोतीला वाटलं. भांडलेला माणूस संध्याकाळी चहाला परत येतो. मामा आला नाही. फोन उचलायचा, ‘जेवलीस का’ विचारायचा, आणि ‘बरं’ म्हणून ठेवायचा. स्टुडिओत तो रिकामा खिळा सारखा तिच्या डोळ्यांपुढे यायचा, म्हणून तिनं त्यावर कॅलेंडर लावलं. मग कॅलेंडरकडेच सारखं लक्ष जाऊ लागलं. सहाशे बीट विकणारी प्रणोती मामावाचून पोरकी झाली होती, आणि हे ती कुणाला मेसेज करून सांगू शकत नव्हती.

अशात दिग्या डेंजरचं उत्तर आलं.

दिग्या डेंजर म्हणजे मूळचा राधानगरीकडचा दिग्विजय खाडे. आता पुण्यात राहायचा आणि अर्ध्या महाराष्ट्राच्या फोनमध्ये वाजायचा. प्रणोती त्याला दोन वर्षं मेसेज पाठवत होती. त्याचा ठसा मात्र कुणाला घेता येत नव्हता. त्याचे व्हिडिओ इतके कापलेले आणि यंत्रानं घासलेले असायचे, की त्यात माणसाची चूक म्हणून उरलेली नव्हती. आणि आता त्याच्याकडून साधासा मेसेज: ‘नमस्कार. बोला.’

त्या काळात मेसेजातली अक्षरं समोरचा टाइप करतानाच एकेक करून उमटताना दिसायची. प्रणोतीला वाटलं, ठसा मिळवायला याहून चांगली संधी कुठली? व्हिडिओ घासता येतो. बोटं थोडीच घासता येतात? तिनं मुद्दाम गप्पा लांबवल्या. पाऊसपाणी कसं आहे, नवं गाणं कधी, जेवण झालं का. पलीकडून अक्षरं उमटत राहिली. तीन अक्षरं भरभर, मग एक लांब थांबा, मग दोन अक्षरं सावकाश, परत थांबा. ‘नुकतंच… झालं. तुमचं?’ एवढा मोठा कलाकार इतक्या आपुलकीनं बोलतो म्हणून ती विरघळून गेली.

यंत्रानं तो ठसा घेतला. खात्री, चौऱ्याण्णव टक्के. त्या ठशात मामाचे अकराशे ठोके बसवले तर बीट मोठी विचित्र झाली. धावायची, अडायची, मग झोका घेतल्यागत पुढं यायची. प्रणोतीला स्वतःला ती काही पटली नाही. पण चौऱ्याण्णव टक्क्यांपुढे आपण कोण? तिनं पाठवून दिली.

दहा मिनिटांनी अक्षरं उमटली. ‘हे वाजवतंय कोण? रविवारी भेटायला येतो.’

बुधवारी ती दूध संकलन केंद्रावर गेली. मामा काट्यापाशी होता.

“मामा, दिग्या डेंजर यायलाय. हलगी कोण वाजवतंय म्हणून विचारलंय त्यानं. तुमी या की.”

“माझा हात हाय की तुझ्या डब्यात. अकराशे तुकडं. लाव एकेक.”

“वाजवू नका. नुसतं या.”

“फोटोला?” मामानं विचारलं, आणि पुढच्या कॅनचं झाकण उघडलं.

ती रडत घरी गेली असं नाही, पण वाटेत तिनं दोनदा नाक पुसलं. घरी माळ्यावर ती सातवीतली हलगी पडली होती. शनिवारी दुपारी तिनं ती काढली, धूळ झटकली आणि वाजवायला बसली. ‘पुढं?’ म्हणजे पुढं काय, ते निदान हाताला कळेल म्हणून. हाताला काही कळलं नाही. एक मिनिटभराची बीट झाली, तीही लंगडी. तिनं ती ठशात घातली नाही, सरळ केली नाही, आणि मामाला पाठवून दिली. खाली लिहिलं, ‘नमस्कार मामा. सोबत एक बीट पाठवतोय. आवडली तर सांगा.’

मामानं ती ऐकल्याची खूण आली. उत्तर आलं नाही.

रविवारी अकरा वाजता दिग्या डेंजर आला. व्हिडिओत दिसायचा त्यापेक्षा बारीक, आणि चप्पल जिन्याखाली काढून आला. बरोबर त्याची आई होती, मालनकाकू. हिरवी काठपदराची साडी, हातात पिशवी, पिशवीत प्रणोतीसाठी घरच्या शेंगदाण्याची चटणी.

“लाव तुझी बीट,” दिग्या म्हणाला. “आमच्या घरात चार दिवस हाच विषय चाललाय. मी मुद्दाम ऐकली नाही. म्हटलं, समोरच ऐकू.”

प्रणोतीनं बीट लावली. ठशाची ही नवी आवृत्ती माईकमधून गाणाऱ्याचा वेग ऐकायची आणि भरलेला ठसा तसाच ठेवून ठेका जागच्या जागी हळू-जलद करायची. दिग्यानं माईकपाशी तोंड नेलं, सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीलाच ठेचकाळला. परत केली, परत ठेचकाळला. तिसऱ्यांदा त्यानं हात वर केले.

“हे माझं न्हाई,” तो म्हणाला. “कुणाचं हाय हे?”

“तुमचंच हाय. चौऱ्याण्णव टक्के.”

“ताई, टक्क्यांतलं मला काही कळत नाही, पण हे शून्य टक्के माझं आहे.”

दोन वर्षांचे मेसेज, सहाशे बीटची पुण्याई, सगळं त्या माईकपाशी आडवं होत होतं. आणि तेवढ्यात प्रणोतीला बांगड्यांचा आवाज आला. कोपऱ्यातल्या स्टुलावर मालनकाकू मांडीवर हात आपटत होत्या, आणि त्यांच्या बांगड्या त्या अडखळत्या, झोका घेणाऱ्या ठेक्यावर ठोक्याला ठोका वाजत होत्या.

“काकू,” प्रणोतीनं हळूच विचारलं, “दादांच्या मेसेजला उत्तरं कोण देतं?”

“मीच की,” काकू म्हणाल्या. “ह्याला कुठली सवड? हजार लोक लिहित्यात, कुणाला तरी बोलाय नको? एक हात पिठात असतोय, एका बोटानं लिवतो. मधनं भाकरी उलटायला लागती.”

दिग्या आधी हसायला लागला. मग प्रणोतीही हसली, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. महाराष्ट्रातल्या सगळ्यात महागड्या गळ्यासाठी तिनं जी बीट कापली होती, ती भाकरी थापणाऱ्या हाताच्या मापाची निघाली होती.

“पण ठेका लई गोड हाय,” काकू म्हणाल्या. “ऐकल्यापासनं मला झिम्मा आठवायलाय. आमच्या गावात गौरीला मी म्होरं असायची. लग्नानंतर कुठलं आलंय गाणं.”

“मग म्हणा की, काकू. इथंच.”

त्या नको नको म्हणाल्या, मग पदर खोचला आणि उभ्या राहिल्या. आवाज पहिल्यांदा बसका आला, मग मोकळा झाला. बीट त्यांच्या पायाखाली गालिच्यासारखी पसरत गेली. दिग्या तोंड उघडं टाकून बघत होता. आईला गाताना त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. पण तिसऱ्या कडव्याला काकूंना दम लागला. त्या जरा सावकाश झाल्या, तशी बीटही सावकाश झाली. बीट मंदावली म्हणून त्या आणखी मंदावल्या. गाणं उतरत उतरत पार बसलं, आणि काकू थांबल्या.

“हे माझ्यासंगंच दमतंय गं,” त्या म्हणाल्या. “झिम्म्यात असं नसतंय. एक दमली की दुसरी वढती.”

तेव्हाच खोलीत पुठ्ठा जळल्याचा वास आला.

गच्चीच्या दारात मामा उभा होता. हलगी काखेला, हातात टिपरू.

“काल मला कुणीतरी एक बीट पाठवलीया,” तो प्रणोतीकडे न बघता म्हणाला. “कोण वाजवत हुतं?”

“मी,” प्रणोती म्हणाली.

“हलगी तापवली नव्हतीस.”

“न्हाई, मामा.”

“तरीच म्हटलं. बंद कर ते मशीन.” मग काकूंना म्हणाला, “ताई, हुबं ऱ्हावा परत. पैल्यापासनं.”

प्रणोतीनं बीट बंद केली आणि रेकॉर्डिंग चालू केलं. मामानं काकूंच्या पायाकडे बघितलं. ठेक्याचे पहिले आठ फेरे हलगी काकूंच्याच पावलावर होती. तोच झोका, तीच अडखळ, आणि काकू फुलल्या. तिसऱ्या कडव्याला त्यांना परत दम लागला. या वेळी हलगी त्यांच्याबरोबर थांबली नाही. मामानं टिपरू केसभर आधी टाकलं, मग आणखी केसभर आधी. काकूंचा पाय त्या ठोक्याला गाठायला पुढं पडला, मग पुढचा पडला, आणि त्यांना कळायच्या आत त्या दम विसरून पळू लागल्या. मामानं मान वळवून दिग्याच्या पायाकडे बघितलं. दिग्याचा पाय भलताच घाईचा होता. हलगीनं त्यालाही चार फेरे सोबत दिली आणि मग थोडं मागं खेचलं. आईच्या दोन ओळींच्या मधल्या जागेत मुलाचे शब्द जाऊन बसले. दोघांचे ठसे वेगळे होते, दोघंही आपापल्या जागेवरून हलले होते, आणि मामा मधे उभा राहून दोघांना एका जागी आणत होता.

‘पुढं?’ म्हणजे काय, ते प्रणोतीला तेव्हा कळलं. तिच्या यंत्रानं सहाशे जणांची सलामी वाजवली होती. कुस्ती कुणाचीच लावली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं धुरावर ढकललं.

गाणं संपलं तेव्हा स्क्रीनवर ठसा विचारत होता: ‘ठोके कोणाच्या ठशानुसार सरकवावेत? मालन, की दिग्विजय?’ प्रणोतीनं ‘नको’ दाबलं. मग गाण्याच्या माहितीत, जिथं सहाशे वेळा तिनं फक्त स्वतःचं नाव टाकलं होतं, तिथं लिहिलं, ‘हलगी: यशवंत आवळे’. मामा खांद्यावरून वाकून वाचत होता.

“आवळे बरोबर लिवलंस,” म्हणाला, आणि कॅलेंडर काढून हलगी खिळ्याला अडकवली.

गाणं पंधरा दिवसांत गावोगाव पोचलं. पहिल्याच दिवशी जालन्याच्या त्या पोवाडेवालीचा मेसेज आला. ‘ताई, हे अजिबात माझ्यासारखं नाही. सुरुवातीला तर पायच अडखळला. पण सकाळपासून चार वेळा ऐकलं. माझी जुनी बीट आताशा मला ऐकूच येत नाही, तसं का होतं?’ प्रणोतीनं ठशाचं माहितीपत्रक उघडून तळाची बारीक अक्षरं अखेर वाचली. मग तिला आणि साताऱ्याच्या दोघा भावांना एकच उत्तर लिहिलं: आठ फेरे तुमच्या पावलावर, पुढचे मामांच्या. हवी असल्यास कळवा. तिघांनीही कळवलं. भावांनी तर एकाच फोनवरून.

मालनकाकूंचं स्वतःचं खातं आता वेगळं झालं होतं, आणि दिग्याच्या मेसेजांना उत्तरं दिग्यालाच द्यावी लागत होती. तो फार हळू लिहितो अशी लोकांची तक्रार होती.

एका दुपारी प्रणोती बीट बसवत होती तेव्हा फोनवर अक्षरं उमटायला लागली. दोन अक्षरं टणकन, थोडी रिकामी जागा, आणि मग तिसरं अपेक्षेपेक्षा केसभर आधी. नाव बघायच्या आधीच तिला ते कोण ते समजलं. ‘जेवलीस का’ हेही पुरं उमटायच्या आत कळलं, आणि ती ‘व्हय’ लिहायला गेली. पण अक्षरं तिथं थांबली नाहीत.

‘तुझी ती बीट अजून ऐकतोय. नवव्या ठोक्याला चुकलीस, पण चूक तुझी हाय, ती राहू दे. औंदा मैदानात घुमक्याला माणूस हाय, कैताळाला हाय, जोडीच्या हलगीला कुणी न्हाई. उद्या सकाळी दूध झाल्यावर ये. टिपरू तुझं तू आण.’

प्रणोतीनं ‘येतो’ असं लिहिलं, आणि गच्चीवर किती खोकी उरलीत ते बघायला गेली.